छप्पन्नाव्या दिवशी फिरंगोजींनी काय केलं?



पाटीवरचा 'सिसू' हा शब्द वाचून मघाशी दारातच दोघांनी मला विचारलं, ''सर, हे काय आहे?'' शब्द फिनलंडच्या भाषेतला आहे. त्याच्या मुळाशी 'आत', शरीराच्या आतला भाग, असा अर्थ आहे. अंगातली ताकद संपली तरी आतून कुठून तरी जे येतं आणि माणसाला उभं ठेवतं, ते सिसू. आपल्याकडेही धैर्याचा पत्ता शरीरातच आहे बघा. जिगर म्हणजे मूळ फारसीत यकृत. हिय्या हा शब्द हृदयावरून आला. तेव्हा कल्पना काही परकी नाही.

हल्ली आपल्या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, कामगारांच्या ट्रेनिंगमध्ये असल्या शब्दांची चलती आहे. तासभर भाषण, मग चहा-बिस्किट, आणि सांगणं एकच: टिकून राहा, सोडू नका. मला आज त्या 'सोडू नका'बद्दल बोलायचं आहे. त्यासाठी आधी चाकणलाच जाऊ.

साल १६६०. शाहिस्तेखान मे महिन्यात पुण्यात येऊन बसला. २१ जूनला त्याची फौज चाकणच्या संग्रामदुर्गाला भिडली. हा डोंगरी किल्ला नव्हे, भुईकोट. ना कडा, ना दरी. तट, बुरूज आणि भोवती खंदक, एवढाच आधार. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळे आणि काही शे माणसं. बाहेर हजारोंची फौज आणि तोफा. बाहेरून मदत येण्याची आशा नाही, कारण स्वतः शिवाजी महाराज त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. जुलैच्या मध्यात ते तिथून निसटले, बाजीप्रभू खिंडीत पडले, तेव्हा चाकणचा वेढा चालूच होता.

हे सगळं भर पावसाळ्यात. चाकणचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना चिखलात मोर्चे खणणं म्हणजे काय ते सांगायला नको. आतल्यांची दारू भिजत होती, तशी बाहेरच्यांचीही भिजत होती. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार नेलं आणि १४ ऑगस्टला एका बुरुजाखाली सुरुंग उडवला. बुरूज वरच्या माणसांसकट उडाला. खिंडार पडलं, मोगल धावले. तरी त्या दिवशी किल्ला पडला नाही. आतल्या लोकांनी खिंडारामागे मातीचा आडोसा केला आणि रात्र होईपर्यंत ते लढले. जदुनाथ सरकार मोगलांच्या बाजूचा आकडा देतात, २६८ ठार आणि ६०० जखमी.

इथपर्यंतची गोष्ट आपण पोवाड्याच्या आवाजात सांगतो. पुढे आपला आवाज जरा खाली येतो. कारण दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, छप्पन्नाव्या दिवशी, राव भावसिंगाच्या मध्यस्थीने फिरंगोजींनी किल्ला खाली करून दिला.

मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. माझं कुतूहल नेमकं इथे जागं होतं. काल संध्याकाळपर्यंत टिकलेली ती आतली ताकद आज सकाळी संपली का? मला तसं वाटत नाही. चौदा तारखेला लढायला जी ताकद लागली, तीच पंधरा तारखेला लागली. शाहिस्तेखानाने फिरंगोजींना मोगली चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि ते महाराजांकडे गेले. महाराजांनी त्यांना दूषण दिलं नाही, पुढे भूपाळगडाची किल्लेदारी दिली. किल्ला सोडला, निष्ठा नाही सोडली. आणि लक्षात घ्या, त्याच वर्षी खुद्द महाराजांनी पन्हाळा आदिलशाहीला देऊन टाकला. खानाने मात्र चाकणची किंमत मोजल्यावर डोंगरी किल्ल्यांना हात घालायचं टाळलं. एका भुईकोटाने एवढं रक्त घेतलं, तर राजगडाला किती लागेल, हा हिशेब त्याने केलाच असणार.

गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितलेत. सात्त्विक आणि राजस आपण पटकन सांगतो. तामस धृतीकडे कुणाचं लक्ष जात नाही. झोप, भीती, शोक, विषाद, मद यांना जी सोडतच नाही, ती तामस धृती. म्हणजे बघा, धरून ठेवणं हा आपोआप सद्गुण होत नाही. काय धरलंय, हे आधी विचारावं लागतं. फिन्निश लोकांनाही हे ठाऊक आहे. त्यांच्या भाषेत सिसूपासूनच 'वाईट सिसूचा' असा एक शब्द बनतो, त्याचा अर्थ दुष्ट, खुनशी.

त्यांचंही छप्पन्नावं पान आहे. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या. एवढासा देश १०५ दिवस बर्फात लढला आणि सिसू हा शब्द जगाच्या वर्तमानपत्रांत पोचला. पण १२ मार्च १९४० ला त्यांनी तह केला, कारेलियाचा मोठा भाग, वीपुरी शहरासकट, देऊन टाकला. चार लाखांच्या आसपास माणसं घरदार सोडून निघाली, आणि उरलेल्या देशाने त्यांना सामावून घेतलं. आपल्या पिंपरी कॅम्पातल्या म्हाताऱ्या सिंधी माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. फाळणीत त्यांनी सिंध सोडला. मागचं सोडल्याशिवाय त्यांना इथे दुकानाची फळी मांडता आली नसती.

आता घरचं सांगतो. माझा थोरला भाऊ भोसरीच्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, देणी अडकली, केस चालू झाली. भाऊ रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचा. एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं. आम्ही सगळे म्हणायचो, काय चिकाटी आहे! मीही म्हणालोय, आणि मी तर तत्त्वज्ञान शिकवत होतो. वहिनी तेवढी कधी तसं म्हणाली नाही. ती शिवणकाम करून घर चालवत होती. तिची चिकाटी आम्हाला दिसलीच नाही, कारण ती गेटवर नव्हती, घरात होती.

पाचव्या वर्षी एका सोमवारी भाऊ गेटवर गेला नाही. मित्राच्या गाळ्यात मोटार वाइंडिंगचं काम शिकायला बसला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, विशीतल्या पोरांच्या हाताखाली. नातेवाईक म्हणाले, अखेर हरला. केस त्याने सोडली नव्हती, तारखेला जायचा. गेटवर बसणं तेवढं सोडलं होतं. मी पुष्कळ उशिरा त्याला विचारलं, ''दादा, त्या दिवशी काय झालं?'' तो म्हणाला, ''काही नाही रे. डबा भरताना हिच्या बोटाला सुई टोचलेली दिसली.''

चाकणचा तो तट आता गावाच्या गर्दीत थोडाफार उरला आहे. कंपनीच्या बसमधून रोज जाणाऱ्यांनी एखाद्या रविवारी थांबून बघावा. वेळ झालीय. प्रश्न असतील तर घेऊ या.