तबकडी आणि तिचा वाचक

आमच्या मराठी विभागाच्या कपाटात दोन वस्तू शेजारी शेजारी पडून आहेत. एक आहे लाल कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. एका निवृत्त प्राध्यापकांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ही टिपणे. दुसरी आहे तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची डबी, म्हणजे १ गिगाबाइटचे हार्ड डिस्कचे कार्ट्रिज. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिले आहे : 'शुद्ध प्रत'. पाठभेद, गाणाऱ्या बाईचे गाव, तळटिपा हे सारे त्या शुद्ध प्रतीत आहे. गठ्ठा आजही सोडता येतो आणि वाचता येतो. डबी वाचणारे यंत्र मात्र केव्हाच भंगारात गेले.

संगणकावरील जागा अपुरी पडू लागली की एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी की काढता-घालता येणारी, हा प्रश्न आपण दुकानदाराला विचारतो आणि किमतीवरून त्याचा निकाल लावतो. वस्तुतः हा प्रश्न हार्ड डिस्कच्या इतिहासाइतकाच जुना आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. मजकूर आणि त्याचा वाचक यांना एकत्र नांदवायचे की वेगळे ठेवायचे, हे त्याचे मूळ रूप.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, जवळपास टनभर वजन आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. ती जागची हलवण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु यंत्र महाग आणि मजकूर वाढता, ही अडचण लवकरच जाणवू लागली. १९६२ साली त्याच कंपनीने ६ तबकड्यांची एक चळत सुटी केली. वजन सुमारे साडेचार किलो, क्षमता २० लाख अक्षरांची. यंत्र एकच, चळती हव्या तितक्या. भरलेली चळत काढून फडताळात ठेवावी आणि दुसरी चढवावी. रुमालात बांधलेल्या दप्तराचीच ही नवी आवृत्ती होती.

या सोयीची किंमत धुळीने वसूल केली. तबकडी वाचणारे हेड तिला स्पर्श न करता हवेच्या पातळ थरावर तरंगते. ते जितके जवळ, तितका मजकूर दाट मावतो. उघड्यावर ने-आण होणाऱ्या तबकडीवर मात्र एखादा कणही अनर्थ घडवू शकतो. म्हणून अंतर अधिक राखावे लागते आणि क्षमतेवर पाणी सोडावे लागते. शिवाय एका यंत्राच्या हेडने लिहिलेले दुसऱ्या यंत्राच्या हेडला नेमके सापडावे, हीही एक विवंचना.

१९७३ साली आलेल्या 'विंचेस्टर' यंत्राने यावर तोडगा काढला. तबकड्या आणि हेड एकाच बंद पेटीत घातले. गंमत अशी, की ही पेटीही काढता-घालता येत असे. फरक इतकाच, की मजकूर प्रवासाला निघाला तर आपला वाचक बरोबर घेऊन निघे. आज आपल्या टेबलावर असलेली प्रत्येक हार्ड डिस्क याच कुळातली आहे.

तरीही सुट्या तबकडीचा मोह संपला नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सायक्वेस्ट कंपनीची ४४ मेगाबाइटची कार्ट्रिजे छपाईच्या व्यवसायात रुळली. पुढे नव्वदच्या दशकात आयोमेगाचे १ गिगाबाइटचे 'जॅझ' आले. तबकडी स्वस्त, हेड यंत्रात. हिशेब १९६२ चाच होता, आणि दुखणेही तेच. १९९८ साली सायक्वेस्टने दिवाळखोरी जाहीर केली. यूएसबी सोयीचे झाले, बंद डिस्का स्वस्त झाल्या आणि कार्ट्रिजांचे युग आटोपले. डब्या उरल्या, वाचक गेले.

मराठी माणसाला हे दुःख नवे नाही. पेशवे दप्तरातले रुमाल शाबूत आहेत, कागदही बऱ्याच अंशी टिकले आहेत. पण मोडी वाचणारे थोडे उरले. लिपी शिकता तरी येते. ज्या यंत्राचे उत्पादन थांबले ते शिकता येत नाही, शोधावे लागते.

मग आज निवड कशी करावी? एक्स्टर्नल डिस्क म्हणजे बंद पेटीतली पूर्ण डिस्क आणि तिच्यासोबत यूएसबीचा दुभाषा. कोणत्याही घरी, कोणत्याही संगणकाला ती जोडता येते. जिचा प्रवास अधिक आणि वापरणारे अनेक, तिथे हीच बरी. मात्र ती पडली तर हेड आणि तबकडी दोन्ही जायबंदी होतात. आज 'काढता येणारी' म्हणून मिळते ती खणात सरकवायची डिस्क. हेड तिच्याही पोटात असते, म्हणून जुन्या कार्ट्रिजांपेक्षा ती भरवशाची. पण तिला जुळणारा खण किंवा डॉक लागतो. अनेक डिस्का आलटून पालटून वापरणाऱ्या ग्रंथालयाला ती परवडते. फक्त तिची जोडणी काळाबरोबर बदलते, हे विसरू नये. जुन्या रुंद पट्टीच्या आयडीई डिस्का आजच्या संगणकाला थेट जोडता येत नाहीत.

दोहोंपैकी काहीही घेतले तरी एक प्रत म्हणजे प्रत नव्हे. दोन डिस्का असाव्यात, त्या दोन वास्तूंत असाव्यात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी पुण्यात शिरले, तेव्हा एकाच घरातल्या दोन कपाटांचा काही उपयोग नव्हता. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात, आणि मजकूर युनिकोडमध्ये असावा. अन्यथा डिस्क वाचली जाईल आणि अक्षरे मात्र जुन्या फाँटच्या कोड्यात अडकून पडतील.

आमच्या डबीसाठी जुने यंत्र शोधणे सुरू आहे. दरम्यान विद्यार्थी लाल गठ्ठ्यातील ओव्या नव्याने टंकित करीत आहेत. पाठभेदांच्या जागा आम्ही रिकाम्या ठेवल्या आहेत. ज्या बायकांनी त्या ओव्या गायिल्या, त्यांपैकी आता कोणी हयात नाही.