पावतीपुस्तक आणि संप

मुंबईच्या गिरणी संपावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात डॉ. दत्ता सामंत आहेत, मालक आहेत, गिरण्यांच्या जमिनी आहेत. कायदा मात्र बहुतेकजण एका वाक्यात उरकतात. मी वकील नाही. पण फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेली मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची जुनी प्रत वाचल्यापासून माझे मत असे झाले आहे की, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप समजून घ्यायचा तर आधी त्या कायद्यातली ‘प्रातिनिधिक युनियन’ ही संज्ञा समजून घ्यायला हवी.

१९२६च्या कायद्याने कामगार संघटनांना नोंदणी मिळाली. मालकाने त्यांच्याशी बोललेच पाहिजे, असे बंधन मात्र आले नाही. १९२८ साली गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या. १९३८ साली खेर मंत्रिमंडळाने विधेयक आणले : आधी नोटीस, मग समेटाची बोलणी, ती टाळून केलेला संप शिक्षेस पात्र. काम नाकारणे गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला गुलामीत ढकलणे, असा युक्तिवाद डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात केला. ७ नोव्हेंबरच्या एकदिवसीय संपात ते आणि डांगे एकत्र उतरले. विधेयक तरीही मंजूर झाले.

१९४६चा कायदा या पायावर उभा राहिला. तेव्हा प्रांताचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा होते. एका शहरातल्या एका उद्योगासाठी एकच मान्य युनियन, ही त्याची मुख्य कल्पना. ती सर्वस्वी वाईट होती असे मी म्हणणार नाही. मालकाच्या खिशातल्या युनियनला तिने आळा बसणार होता, आणि गिरणीगणिक वेगळे पगार ही अंदाधुंदीही थांबायला हवी होती. अडचण मोजणीत होती. प्रातिनिधिक कोण, हे गुप्त मतदानाने ठरत नव्हते. रजिस्ट्रार वर्गणी भरलेले सभासद मोजत असे. १९८२ साली अट होती २५ टक्क्यांची, तीही एका गिरणीतल्या नव्हे, मुंबईतल्या सगळ्या गिरणी कामगारांच्या. कामगार अडीच लाखांच्या आसपास; म्हणजे साठ हजारांवर पावत्या फाडल्याशिवाय नव्या युनियनला दारातही उभे राहता येत नव्हते. आत काँग्रेसच्या वळणाचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ बसलेला होता.

एकदा दर्जा मिळाला की त्या युनियनने केलेला करार सभासद नसलेल्यांवरही बंधनकारक. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. अहमदाबादच्या एका गिरणीतल्या कामगारांनी नुकसानभरपाईसाठी अर्ज केला. तेव्हा तिथेही मुंबईचाच कायदा लागू होता. प्रातिनिधिक युनियन न्यायालयात हजर झाली आणि हा दावा पुढे चालवायचा नाही, असे तिने सांगितले. गिरजाशंकर काशीराम यांच्या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ साली निकाल लागला : प्रातिनिधिक युनियन हजर झाल्यावर कामगाराला स्वतंत्रपणे उभे राहता येणार नाही, युनियनचा हेतू शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्न इथे गैरलागू. हा निकाल मी तीनदा वाचला. न्यायमूर्तींनी कायद्याचा अर्थ चुकीचा लावला असे मला वाटत नाही. कायद्यातच तसे लिहिले होते.

१९८१च्या दिवाळीत मजदूर संघाने बोनसचा करार केला आणि कामगार बिथरले. स्टँडर्ड मिलचे कामगार सामंतांकडे गेले. त्यांच्या मागण्यांत पगारवाढीच्या जोडीला हा कायदा रद्द करण्याची मागणी होती. वर्तमानपत्री आठवणींत ती नेमकी गळते. सामंतांमागे जवळजवळ अख्खे गिरणगाव असले, तरी कायद्याच्या लेखी ते कोणीच नव्हते. संप बेकायदा ठरला. त्यांच्याशी बोलायला मालकांना कायद्याची सबब आयती मिळाली नाही, न बोलायला मात्र मिळाली. सरकारनेही तीच पुढे केली. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. मजदूर संघाचा दर्जा अबाधित राहिला.

राज्यातल्या इतर कारखान्यांसाठी १९७१ साली वेगळा कायदा झाला होता. त्यात ३० टक्क्यांची अट आली, पण मोजायचे पुन्हा सभासदच. केंद्राच्या २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक युनियन असतील तिथे हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटी करील, असे म्हटले आहे. त्या पाठिंब्याची पडताळणी कशी करायची, हे संहितेने नियमांवर सोडले आहे.