ओव्हरसियरची भाषा

कोहक्यात सध्या प्रत्येक गल्लीत एक तरी घर उभे राहते आहे. जुने कवेलूचे घर पाडून दोन मजले चढवायचे, खालचा मजला भाड्याने द्यायचा, हा इथला नेहमीचा हिशेब. शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबातला मुलगा बारावीनंतर एका प्रशिक्षण केंद्रात बांधकाम-साहाय्यकाचा छोटा अभ्यासक्रम करत होता. मागच्या उन्हाळ्यात तो एक इंग्रजी पुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. मी भाषांतराची कामे करते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे अर्ज, नोटिसा, औषधांच्या चिठ्ठ्या असे काहीबाही येतच असते. "आंटी, एवढं एक पान समजावून द्या, उद्या तोंडी परीक्षा आहे," तो म्हणाला.

पान 'क्युअरिंग'चे होते. व्याख्या त्याला पाठ होती आणि इंग्रजीत तो ती न चुकता म्हणून दाखवत होता. मी त्याला हिंदीत विचारले, "म्हणजे नक्की काय करायचं?" तो गप्प. मग मी म्हटले, "अरे, तराई." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याची आई पंधरा-वीस वर्षे रेजाचे काम करते. स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवणे, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे हे तिने शेकडो वेळा केले आहे. घरात तराई हा शब्द त्याने लहानपणापासून ऐकला होता. पुस्तिकेतले क्युअरिंग आणि आईची तराई या दोन गोष्टी एकच आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

ही गोष्ट गमतीची नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते, आणि ते पाणी उडून गेले तर काँक्रीट कच्चे राहते. म्हणून भारतीय मानकात साध्या सिमेंटाला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटाला किमान १० दिवस ओलावा टिकवायला सांगितले आहे; कोरड्या कडक उन्हात त्याहून जास्त. भिलाईच्या भट्ट्यांतल्या मळीचे सिमेंट आमच्याजवळच जामुलला तयार होते, म्हणजे इथल्या पुष्कळ घरांना हा १० दिवसांचा नियम लागू. मे महिन्यात, पाण्याचे टँकर विकत घेताना, ठेकेदार चौथ्या दिवशी पाणी बंद करतो. त्याला अडवायचे काम ज्याचे, त्या साहाय्यकाला नियम एका भाषेत माहीत आणि काम दुसऱ्या भाषेत दिसते. मधला धागा तुटलेला.

हा धागा कुठे तुटला, हे शोधत मी मागे गेले, तर मराठीतच दोनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगापाशी पोचले.

१८२० साली मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. पुढे ती 'बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी' म्हणून ओळखली गेली. तिला गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा आश्रय होता. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिचे नेटिव्ह सेक्रेटरी. मराठी वाचकाला ते 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' यांमुळे माहीत असतात. युरोपीय सेक्रेटरी होता जॉर्ज जर्व्हिस, बॉम्बे इंजिनिअर्समधला लष्करी अधिकारी. त्याच दशकात मुंबईत त्याच्या देखरेखीखाली एक इंजिनिअर वर्ग चालू झाला. हेतू अगदी व्यवहारी होता: जमिनीची मोजणी, रस्ते, सरकारी इमारती यांच्या कामांवर साहेबाच्या हाताखाली उभी राहतील अशी देशी मुले हवी होती. आजच्या भाषेत सांगायचे तर बांधकामाचे तांत्रिक साहाय्यक.

या वर्गाची खरी नवलाई म्हणजे त्याची भाषा. मुले मराठीत आणि गुजरातीत शिकत. अंकगणित, भूमिती, त्रिकोणमिती, मोजणी, आराखडे, सगळे देशी भाषेत. पुस्तके नव्हती, तेव्हा ती आधी तयार करावी लागली. वुलिचच्या लष्करी अकादमीतल्या कॅडेटांसाठी चार्ल्स हटनने लिहिलेला गणिताचा अभ्यासक्रम जर्व्हिसने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या मदतीने मराठीत आणला. 'शिक्षामाला' आणि 'कर्तव्यभूमिती' ही त्या खटपटीची फळे. मोल्सवर्थचा कोश निघाला तो १८३१ साली. म्हणजे हे भाषांतरकार तो कोश हाताशी नसताना बसले होते.

'कर्तव्यभूमिती' या नावाशी मी बराच वेळ थांबले. आज कर्तव्य म्हटले की ड्यूटी आठवते, आणि नाव शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखे वाटते. पण शास्त्रीबुवांच्या कानात संस्कृत अर्थ होता: कर्तव्य म्हणजे करावयाचे. सिद्ध करायची भूमिती एक, करून बघायची भूमिती दुसरी. दोरी ताणून काटकोन काढायचा, चढावरचे अंतर मोजायचे, नदी न ओलांडता तिची रुंदी सांगायची. आजच्या कोणत्याही 'प्रॅक्टिकल'पेक्षा हा शब्द मला नेमका वाटतो. शिवाय तो शिकणाऱ्याला परका नव्हता. गवंड्याजवळ ओळंबा होता, गुण्या होता, पाणसळ होती. काटकोन आणि पातळी यांची समज त्याच्या हातात होतीच. नव्या पुस्तकाने त्या समजेला गणिताची जोड द्यायची, एवढेच अंतर उरले होते.

ते अंतर मिटले नाही. १८४० साली मुंबई इलाख्यात शिक्षण मंडळ आले आणि १८४३पासून सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. उच्च शिक्षण इंग्रजीतच द्यावे, थोड्यांना उत्तम शिकवावे, त्यांच्याकडून ते खाली झिरपेल, असे पेरींचे मत. १८४७ साली मंडळात यावरून उघड फूट पडली. जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच्यासोबत जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मकबा हे तिन्ही देशी सभासद. शंकरशेट काही इंग्रजीचे वैरी नव्हते. मुंबईत इंग्रजी शिक्षण उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे म्हणणे असे की ज्ञान लोकांपर्यंत न्यायचे असेल तर ते लोकांच्या बोलीतूनच जाईल. सरकारने दोन्ही बाजूंना चुचकारणारे उत्तर दिले. व्यवहारात वरची पायरी इंग्रजीची झाली. जर्व्हिस १८५१ साली वारला.

तीन वर्षांनी, जुलै १८५४मध्ये, दोन गोष्टी घडल्या. लंडनहून वुडचा खलिता निघाला: लोकशिक्षण देशी भाषांत, वरचे शिक्षण इंग्रजीत. आणि पुण्याच्या भवानी पेठेत 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' उघडले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जन्म हाच. पण ते इंजिनिअर घडवायला निघालेले नव्हते. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे, पूल यांच्या कामांवर लागणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्याचा हेतू होता. आदल्याच वर्षी मुंबई-ठाणे गाडी धावली होती, पुढे बोरघाट चढायचा होता, आणि लेव्हल लावणारी, मोजमाप लिहिणारी, गवंड्याला साहेबाचा नकाशा समजावणारी माणसे पुरत नव्हती.

ही शाळा दुय्यमांची राहिली मात्र थोडाच काळ. १८६५ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरने नव्या इमारतीची कोनशिला बसवली. १८६६ साली मुंबई विद्यापीठाशी जोडणी झाली आणि स्थापत्याची पदवी-परीक्षा इंग्रजीत सुरू झाली. विश्वेश्वरय्या १८८३ साली इथूनच पास होऊन मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु ज्या मधल्या माणसासाठी दार उघडले होते, तो हळूहळू बाजूला सरकला. वर चढायचे तर आधी इंग्रजी शाळा हवी, आणि इंग्रजी शाळेपर्यंत गवंड्याचा, पाथरवटाचा, वडाराचा मुलगा पोचत नव्हता.

याच काळात पुण्यात जोतीराव फुले बांधकामाची कंत्राटे घेत होते. मुळा-मुठेवरच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. शाळा काढणारा माणूस चुन्याच्या आणि दगडाच्या गाड्या मोजतही होता, हे आपण सहसा एका वाक्यात उरकतो. मजुराची मजुरी मोजमापाच्या वहीत ठरते आणि ती वही ज्याला वाचता येत नाही त्याला काय मिळते, हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

आता कोहका. हा भाग तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मध्यप्रांताची राजधानी नागपूर. त्याआधी भोसल्यांचे राज्य. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार बघत. दुर्ग, राजनांदगाव, रायपूर इथली जुनी मराठी घरे काही त्या कारभारासोबत आली, काही नंतर रेल्वेसोबत आणि कचेऱ्यांसोबत. नागपूरला १९१४ साली सरकारी इंजिनिअरिंग स्कूल निघाले, आजचे शासकीय तंत्रनिकेतन. ओव्हरसियर व्हायचे तर या प्रांतातल्या मुलाने नागपूर गाठायचे. आमच्या दक्षिणेला तांदुला धरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत उभे राहिले. अशा कामांवर साहेबाची इंग्रजी, ओव्हरसियरची मराठी किंवा हिंदी आणि मजुरांची छत्तीसगढी अशी उतरंड असायची. नकाशा वरून खाली येताना दोनदा भाषांतरित व्हायचा, आणि ते भाषांतर कुठे लिहून ठेवले जात नसे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि या उतरंडीवर रशियन येऊन बसली. ग्रेट ईस्टर्न रोडच्या आसपासच्या गावांच्या जमिनींवर कारखाना आणि टाउनशिप उठली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय इंजिनिअर शिकायला सोव्हिएत संघात गेले, रशियन तज्ज्ञ इथे आले, आणि मध्ये दुभाषे. वरच्या पायरीसाठी भाषांतराची पगारी सोय झाली. खालच्या पायरीवर, जिथे रेजा आणि कुली पाया खोदत होते, तिथे ती सोय नव्हती. तिथला दुभाषा म्हणजे तोच जुना ओव्हरसियर.

परिभाषेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. नागपुरातच डॉ. रघुवीर यांनी मध्यप्रांत सरकारच्या आश्रयाने हिंदी आणि मराठी दोन्हींना चालेल अशी संस्कृत परिभाषा रचली. 'अभियंता' हा शब्द त्याच वळणाचा. या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली. मी ती करणार नाही, कारण त्यांतले कितीतरी शब्द आज आपण न अडखळता वापरतो. अडचण दुसरी होती. 'लेव्हलिंग'ला हिंदी पुस्तकाने 'तलेक्षण' म्हटले, मराठी पुस्तकाने 'समतलन'. गवंड्याच्या हातातली पाणसळ दोन्हींत आली नाही. नवा शब्द इंग्रजीची जागा घ्यायला आला आणि इंग्रजीसारखाच वरच्या मजल्यावर राहिला. क्रमवंतांना मोल्सवर्थचा कोश नव्हता, पण शिकणारा समोर बसलेला होता. नंतरच्या समित्यांसमोर कोश होते.

महाराष्ट्रात आज 'स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक' अशी सरकारी पदे आहेत आणि त्यासाठी दहावीनंतर एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. नाव पाच-सहा वेळा म्हटल्याशिवाय तोंडात बसत नाही, पण काम मोलाचे. १९७२-७३च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडत होती, नालाबांध घालत होती, आणि पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्या कामांवर मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर. टेप धरणाऱ्याने खड्डा कसा मोजला यावर घरात किती ज्वारी येणार ते ठरे. बांधकामावरच्या सर्वांत खालच्या तांत्रिक माणसाच्या हाती इतकी सत्ता असते, आणि त्याच्या शिक्षणाचा विचार सगळ्यांत शेवटी होतो.

छत्तीसगढने २०१३ साली तरुणांना कौशल्य-प्रशिक्षणाचा हक्कच कायद्याने दिला. हक्क आहे, केंद्रे आहेत, प्रमाणपत्रे आहेत. कोणत्या भाषेत, हा जर्व्हिस आणि पेरी यांच्यातला प्रश्न मात्र अजून त्याच जागी आहे. आणि उत्तर 'मातृभाषेत' असे एका शब्दात देता येत नाही, हेही मला कबूल केले पाहिजे. शेजारच्या मुलाला इंग्रजी हवीच आहे. नकाशे इंग्रजीत येतात, निविदा इंग्रजीत असतात, आणि हैदराबादच्या साइटवर तराई हा शब्द चालणार नाही. त्याला इंग्रजी नाकारणे म्हणजे त्याला कोहक्यातच ठेवणे. शंकरशेटांनाही हे माहीत होते. त्यांनी इंग्रजीचे दार बंद करा म्हटले नव्हते. दारापर्यंत पायऱ्या बांधा, असे म्हटले होते.

त्या संध्याकाळी आम्ही एक वही केली. तीन रकाने: पुस्तिकेतला शब्द, साइटवरचा शब्द, आणि मधल्या रकान्यात करायचे काय ते साध्या वाक्यात. प्लंब बॉब, साहुल. मी शेजारी माझा ओळंबा लिहिला. रेनफोर्समेंट, छड. फॉर्मवर्क, सेंटरिंग. मोजमापांपाशी अडलो. पुस्तिकेत सगळे मिलिमीटरमध्ये, तर मिस्त्री अजून सूत म्हणतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरहून थोडा जास्त. मी त्याला सांगितले की महाराष्ट्रात वाळू ब्रासने घेतात, १०० घनफुटांचा एक ब्रास. तो हसला, त्याला ब्रास म्हणजे पितळ वाटले.

तिसरा रकाना भरताना बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या. माझ्याजवळचे दोन्ही कोश उपयोगी पडले नाहीत. तेव्हा तो उठला आणि भिंतीपलीकडे हाक मारून आईला विचारू लागला. ती भांडी घासत होती. पहिले दोन शब्द तिने तिथूनच सांगितले. मग हात पुसत आमच्या अंगणात आली, खुर्चीवर न बसता पायरीवर बसली, आणि म्हणाली, "पुढचं वाच."