रंगांधत्व
रंगांधत्व : काही रंगांमधील फरक ओळखता न येण्याची, बहुधा जन्मजात असणारी दृष्टीतील उणीव. तिचे शास्त्रीय वर्णन इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी 1794 मध्ये स्वतःच्याच दृष्टीवरून केले (पहा : डाल्टन, जॉन). जिरेनियमचे गुलाबी फूल त्यांना दिवसा आकाशी, तर मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसे. त्यांच्या जतन केलेल्या डोळ्यातील डीएनएच्या 1995 मधील तपासणीत मध्यम तरंगलांबीला संवेदी असलेल्या शंकू पेशींच्या रंजकद्रव्याचे जनुक आढळले नाही.

दृष्टिपटलावरील शंकू पेशींच्या तीन प्रकारांपैकी एखादा नसल्यास किंवा सदोष असल्यास हा दोष उद्‌भवतो (पहा : डोळा). तांबड्या-हिरव्या रंगांधत्वाची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने ते पुरुषांत अधिक आढळते; उत्तर युरोपीय वंशात सु. 8% पुरुषांना व 0.5% स्त्रियांना ते असते (पहा : आनुवंशिकता).

रंगांधांना जग कृष्णधवल दिसते, ही समजूत चुकीची आहे. संपूर्ण रंगांधत्व अत्यंत विरळा. सामान्यतः निळा व पिवळा स्पष्ट दिसतात, मात्र तांबडा, हिरवा व तपकिरी एकाच पिवळट-मातकट छटेत मिसळतात आणि जांभळा निळ्यासारखा भासतो. त्यामुळे पिकलेला टोमॅटो पाल्यात चटकन दिसत नाही. काहींना तांबडा रंग काळपटही दिसतो. असे लोक सिग्नलचा दिवा त्याच्या जागेवरून ओळखतात.

निदानासाठी शिनोबू इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या तक्त्या (1917) वापरतात. रेल्वे चालकांसाठी ही तपासणी आवश्यक असते; भारतात 2020 पासून सौम्य व मध्यम रंगांधांना वाहन परवाना मिळू शकतो. रंगीत भिंगांमुळे काही छटांतील फरक ठळक होतो, परंतु मूळ दोष जात नाही.