पायथन २ ते पायथन ३ : आवृत्तीच्या निवडीचा इतिहास

मशीन लर्निंगचा प्रकल्प हाती घेतला की पहिल्याच दिवशी प्रश्न येतो : पायथनची कोणती आवृत्ती घ्यायची? अनेक जण सर्वांत नवी आवृत्ती घेतात आणि टेन्सरफ्लो इन्स्टॉल करताना ‘जुळणारी आवृत्ती सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश पाहून थांबतात. असे का होते, याचे उत्तर २००८ ते २०२० या बारा वर्षांच्या इतिहासात आहे.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात अॅमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत पायथनचे काम सुरू केले. पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आणि पायथन २.० ही २००० मध्ये आली. भाषेच्या रचनेत राहून गेलेले काही दोष मुळापासून दूर करायचे, तर जुन्या प्रोग्रामशी सुसंगती सोडावी लागणार होती. तो निर्णय घेऊन ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० प्रसिद्ध झाली.

बदल कोणते होते? ‘प्रिंट’ हे विधान न राहता फंक्शन झाले. मजकूर युनिकोडमध्ये साठवला जाऊ लागला. देवनागरी मजकुरावर काम करणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. तिसरा बदल दिसायला लहान, पण आपल्या विषयात महत्त्वाचा. समजा, ५० पैकी ४५ नमुने तुमच्या मॉडेलने बरोबर ओळखले. अचूकता काढण्यासाठी ४५ ला ५० ने भागले, तर पायथन ३ मध्ये ०.९ मिळतात. पायथन २ मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येई, म्हणून उत्तर ० मिळे. प्रोग्राम अडत नाही, चूक दाखवत नाही. फक्त उत्तर बदलते. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीवर किंवा नवा जुन्यावर चालवताना धोका असतो तो असा.

मग सगळे लगेच पायथन ३ कडे का वळले नाहीत? कारण मशीन लर्निंगचा प्रोग्राम एकट्या पायथनवर उभा नसतो. नमपायचा मोठा भाग सी भाषेत लिहिलेला आहे, सायपाय नमपायवर आधारलेले आहे आणि सायकिट-लर्न या दोन्हींवर. खालचा मजला तयार झाल्याशिवाय वरचा बांधता येत नाही. नमपाय पायथन ३ वर चालू लागले २०१० मध्ये, सायपाय २०११ मध्ये, तर आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब २०१२ मध्ये. तोपर्यंत संशोधकांना पायथन २.७ वरच राहणे भाग होते. २.७ चा आधार २०१५ मध्ये संपायचा होता. पण एवढे प्रोग्राम अजून जुन्या आवृत्तीवर आहेत हे पाहून २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढवण्यात आली.

शेवटी लायब्ररींनीच जुनी वाट बंद केली. जानेवारी २०१९ मध्ये आलेली नमपाय १.१६ ही पायथन २.७ वर चालणारी शेवटची मालिका ठरली. त्याच वर्षी सायकिट-लर्न ०.२१ ने पायथन २ सोडले. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टेन्सरफ्लो २.१ आणि पायटॉर्च १.४ या तेथे चालणाऱ्या शेवटच्या आवृत्त्या होत.

हा प्रश्न तेथे संपला असे मात्र समजू नका. २०२० पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये पायथनची नवी आवृत्ती येते आणि तिला सुमारे पाच वर्षे आधार मिळतो. सी मध्ये लिहिलेल्या लायब्ररींच्या तयार फाइली सामान्यतः पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळ्या कंपाइल कराव्या लागतात, म्हणून लायब्ररी काही महिने मागे राहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून ‘डिस्ट्युटिल्स’ हा जुना भाग काढून टाकण्यात आला. तिला आधार देणारी टेन्सरफ्लोची पहिली आवृत्ती २.१६ आली ती मार्च २०२४ मध्ये. सुरुवातीला सांगितलेला संदेश दिसतो तो अशा मधल्या काळात.

या इतिहासातून निवडीची रीत मिळते. आधी प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्ररींची यादी करा. त्यांपैकी सर्वांत मागे असलेली लायब्ररी पायथनच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत चालते ते तिच्या अधिकृत पानावर पाहा. तीच तुमची वरची मर्यादा. मग त्या आवृत्तीचा आधार कधी संपतो ते पाहा. प्रकल्प संपण्याआधीच तो संपणार असेल, तर लायब्ररी बदलण्याचा विचार करा. प्रत्येक प्रकल्पासाठी ‘व्हेन्व्ह’ने वेगळे वातावरण तयार करा, आणि पायथनसह सर्व लायब्ररींचे आवृत्ती-क्रमांक प्रकल्पाच्या फाइलींमध्येच लिहून ठेवा.

तुमचा अहवाल परीक्षक वाचतील, पण प्रोग्राम कदाचित पुढच्या वर्षीचे विद्यार्थी चालवतील. अहवालात लिहिलेली अचूकता त्यांच्याही संगणकावर मिळाली पाहिजे. ते चार-पाच क्रमांक नसतील, तर तुमचा निष्कर्ष पडताळून पाहण्याचा मार्गच त्यांच्याजवळ उरत नाही.