होडीचे इंजिन तापते तेव्हा: काय पाहावे, काय टाळावे

मिरकरवाड्यापासून साखरी नाट्यापर्यंत आपली अनेक घरे मासेमारीवर चालतात. होडीच्या पोटात बसवलेले डिझेल इंजिन भर समुद्रात बंद पडले, तर नुकसान फक्त त्या दिवसाच्या मासळीचे नसते. वारा आणि ओढ होडीला खडकाकडे नेऊ शकतात. इंजिन बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ते तापणे. तांडेलांना यातले बरेच ठाऊक असते. नव्याने होडीवर जाणाऱ्या मुलांसाठी आणि घरच्यांसाठी आम्ही ही माहिती एकत्र मांडत आहोत.

इंजिन थंड कसे राहते?

बहुतेक मोठ्या इंजिनांत पाण्याचे दोन मार्ग असतात. एकात गोडे पाणी आणि कूलंट इंजिनमध्येच फिरत राहते. दुसऱ्यात समुद्राचे पाणी तळातल्या वॉल्व्हमधून येते, गाळणीतून पंपात जाते, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून आतल्या पाण्याची उष्णता घेते आणि बाहेर पडते. काही होड्यांत आतले पाणी तळाखाली बसवलेल्या पाइपांतून फिरते. लहान इंजिनांत थेट खारे पाणीच आत फिरवतात.

गोड्या पाण्याच्या इंजिनाचे तापमान साधारण 80 ते 90 अंश असते. खारे पाणी थेट फिरणारे इंजिन 60 अंशांच्या आसपास ठेवतात, कारण त्याहून जास्त तापले की आत क्षार धरतो. आपल्या इंजिनाचा काटा रोज कुठे असतो, हे खलाशालाही माहीत हवे.

काटा चढला तर लगेच काय करावे?

1. रेस कमी करा, जाळे ओढत असाल तर थांबवा.
2. बाहेर पडणारे समुद्राचे पाणी पाहा. पाणी बंद असेल किंवा नुसती वाफ येत असेल, तर इंजिन लगेच बंद करा. पाणी नीट येत असेल तर थोडा वेळ मंद चालू ठेवा. काटा तरीही उतरला नाही तर बंद करा.
3. खडक किंवा किनारा जवळ असेल तर आधी नांगर टाका, मग दुरुस्ती.
4. गरम इंजिनाच्या टाकीचे झाकण उघडू नका. आत दाब असतो, पाणी 100 अंशांच्या वर गेलेले असू शकते. झाकण उघडताच ते तोंडावर उडते.
5. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नका. लोखंडाला तडा जातो.

कारण शोधताना

सुरुवात बाहेरून करा, कारण सोपी कारणे तिथेच असतात.

*समुद्राचे पाणी येत नसेल तर:* तळाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ चिकटले आहे का, वॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, हे पाहा. मग गाळणी साफ करा. गाळणी उघडण्याआधी वॉल्व्ह बंद करायचा, नाहीतर होडीत पाणी भरेल. काम झाल्यावर तो उघडायला विसरायचे नाही. त्यानंतर पंपातले रबरी चाक, म्हणजे इंपेलर, तपासा. पाण्याविना फिरले की ते थोड्याच वेळात फाटते. पाती तुटली असतील तर नुसते नवे चाक बसवून भागत नाही. तुटलेले तुकडे पुढे नळीत किंवा एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात, ते शोधून काढावेच लागतात.

*समुद्राचे पाणी नीट येत असेल तर:* इंजिन गार झाल्यावर आतले पाणी कमी झाले आहे का, पट्टा सैल किंवा तुटलेला आहे का, होजपाइप गळतो का, हे बघा. अडचणीच्या वेळी टाकीत पिण्याचे पाणी चालेल, खारे नको. थर्मोस्टॅट अडकल्याची शंका असेल तर तो काढून घरी पातेल्यातल्या पाण्यात तापवा. त्यावर लिहिलेल्या अंशाला तो उघडला नाही, तर बदला.

*मंद चालताना ठीक, रेस वाढवली की तापते:* एक्स्चेंजरच्या नळ्यांत क्षार साचला असेल, नाहीतर इंजिनावर भार जास्त आहे. पंख्यात दोर किंवा जाळे अडकले, किंवा होडीच्या बुडाला शिंपले चिकटले, तरी असेच होते.

*टाकीत सारखे बुडबुडे, किंवा ऑइल दुधासारखे:* हेड गॅस्केट गेल्याची किंवा ऑइलमध्ये पाणी शिरल्याची ही खूण आहे. इंजिन पुन्हा चालू करू नका. होडी ओढून आणणे स्वस्त पडते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. आतले पाणी फारच कमी झाले तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापलेले असूनही काटा खाली दिसतो. म्हणून फक्त काट्यावर विसंबू नका. वास, वाफ आणि आवाजाकडेही लक्ष असू द्या.

बंदीचे दोन महिने

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होडी वर ओढलेली असताना तळाचे तोंड खरवडून घ्या, मिस्त्रीकडून एक्स्चेंजरच्या नळ्या साफ करून घ्या, झिंकचा तुकडा अर्धा झिजला असेल तर बदला, इंपेलर आणि पट्टा नवा टाका. पुढे हंगामात जुम्याला होडी बंदरात असेल, तर गाळणी साफ करायला तो दिवस बरा.

होडीवर एक जादा इंपेलर, पट्टा, होजपाइपचे क्लिप, पिण्याच्या पाण्याचा जादा कॅन आणि चालू स्थितीतला वायरलेस हवाच. वायरलेसवर मदतीचे चॅनेल 16 आहे आणि तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. हा क्रमांक घरातही भिंतीवर लिहून ठेवा, कारण होडी वेळेवर परतली नाही तर पहिला फोन घरूनच जातो.

तवक्कुल म्हणजे तयारी सोडून देणे नव्हे. आपल्या हातात आहे ते आधी पूर्ण करावे, मग अल्लाहवर भरवसा ठेवून होडी लोटावी.