रोशेल तेल : एका विसरलेल्या कसबाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यात अत्तार हे आडनाव नवे नाही. पंढरपुरात बुक्का, अष्टगंध, उदबत्ती विकणारी अत्तारांची दुकाने वारकऱ्यांच्या ओळखीची आहेत. सुगंध विकणारी आपली माणसे अशी सर्वांना ठाऊक आहेत. सुगंध तयार करणाऱ्यांचा इतिहास मात्र आपण लिहिलेला नाही. तो शोधायचा तर सोलापूर सोडून खानदेशात जावे लागते.

नंदुरबार, शहादा, तळोदा, पिंपळनेर या भागात रोशा गवत उगवते. त्याचे तेल म्हणजे रोशेल. 1880 च्या खानदेश गॅझेटियरात या धंद्याची नोंद आहे. पावसाळ्याच्या अखेरीस मुसलमान भट्टीवाले भिल्लांकडून गवत विकत घेत, त्याच्या गंजी रचत आणि लाकूड-पाणी मुबलक असेल अशा ओढ्याकाठी भट्टी लावत. हंड्यात पाणी आणि चिरलेले गवत भरून झाकण कणकेने लिंपत. वाफ बांबूच्या नळीतून वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाई. तिथे ती थंड होई आणि पाण्यावर तरंगणारे तेल अलगद काढून घेत. 1879-80 साली अशा 197 भट्ट्या होत्या.

पण खरे कसब भट्टी पेटण्याआधीचे असते. तेल मुख्यतः फुलोऱ्यात असते, म्हणून कापणीची वेळ साधावी लागते. ओले गवत ढिगात राहिले तर तापते, कुजते. कडक उन्हात फार पडले तर तेल उडते. सावलीत सुकवले तर वजन घटते, हंड्यात जास्त मावते, सरपण वाचते. आजचे कृषितज्ज्ञही शेतकऱ्याला हेच सांगतात.

कोवळ्या गवताचे तेल ‘मोतिया’ आणि पिकलेल्याचे ‘सोफिया’, असे तेव्हा समजत. विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते दोन वेगळे प्रकार असल्याचे दाखवले. बाजाराने दोन्ही नावे मात्र जपली.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. गुलाबातील जेरॅनिऑल हे द्रव्य रोशेलमध्ये भरपूर असते. त्यामुळे तिथले व्यापारी ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. युरोपात त्याला ‘तुर्की जिरेनियम’ म्हणू लागले. गवत खानदेशचे, हात भिल्लांचे आणि मुसलमानांचे, नाव तुर्कस्तानचे!

आणखी एक कटू गोष्ट झाकून चालणार नाही. नंदुरबारच्या तेलातही भेसळ होई आणि त्याने बाजारातली पत घालवली, हेही त्याच गॅझेटियरात आहे. इतिहास लिहायचा तो गौरवासाठी नव्हे. कसब आपले म्हणायचे तर भेसळही आपलीच म्हणावी लागेल.

सरकारी कागदात भट्ट्यांची संख्या आली, भट्टीवाल्यांची नावे आली नाहीत. डोंगरातून गवत आणणाऱ्या भिल्लांचीही नाहीत. आपल्या समाजाचा इतिहास राजे, सुभेदार आणि सूफी संतांपाशीच थांबतो, तोवर ही माणसे बाहेरच राहणार. घरोघरी उरलेली हत्यारांची नावे, धंद्यातले शब्द, म्हाताऱ्यांच्या आठवणी आपणच लिहून ठेवायला हव्यात. ते काम दुसरे कोणी करणार नाही.